बियाण्याची आंबेहळद

कणकवलीहून सुटलेल्या एसटीने मला घाटाच्या पायथ्याशी सोडलं, तेव्हा ऊन नुकतंच तापू लागलं होतं. मे महिना. डोंगरातली देवराई पाहायची आणि संध्याकाळची गाडी गाठायची, एवढाच बेत. अर्ध्या तासात जांभ्याच्या खडीवर पाय घसरला आणि घोटा मुरगळला. उभं राहवेना, फोनला रेंज नाही. साठीत एकटीने फिरण्याचा माझा ताठा त्या वाटेवरच उतरला.

हाका मारल्यावर डोक्यावर पातेऱ्याचे (वाळक्या पाल्याचे) भारे घेतलेलं एक वयस्कर जोडपं खाली आलं. काकींनी भारा टाकून घोटा चाचपला.

"हाड मोडूक नाय. एकटी खंय चललंस गो, बाय?"

दोघांनी धरून मला त्यांच्या घरी नेलं. काकींनी कोपऱ्यातल्या मडक्यातली राख बाजूला सारली आणि आल्यासारखा एक कंद काढला. आंबेहळद. पावसाळ्यात डोंगरात ती हवी तेवढी मिळते. उन्हाळ्यात पानं वाळून जातात, मग जमिनीतली जागाच कळत नाही. मडक्यात होती तेवढीच, पहिल्या पावसाला परसात लावायला राखलेली.

"गो, ती बियाण्याची!" काका म्हणाले. "पावसात काय लावतलंस?"

"उरली ती लावतलंय. तिचो पाय पावसापर्यंत थांबतलो काय?"

मी "नको, नको" म्हणेपर्यंत त्यांनी कंद मोडलासुद्धा. घरभर कैरीचा वास सुटला. सहाणेवर उगाळून, पळीत कोमट करून त्यांनी घोट्यावर जाड लेप दिला आणि लुगड्याच्या फडक्याने बांधला. मुका मार असो की बाळंतिणीचं अंग चोळायचं असो, इथे पहिला हात हिच्याकडेच जातो, असं त्या सांगत होत्या. जेवायला उकड्या तांदळाची पेज होती, सोबत आंबेहळदीचंच लोणचं. तिसरी वाटी मी मागून घेतली.

दुपारपर्यंत ठणका बराच ओसरला. काकांनी गावातून रिक्षा बोलावली. निघताना मी वाकायला गेले, तर काकींनी खांदे धरले.

"पाय वाकडो करू नको. 'येतंय' म्हण, बस झाला."

"येतंय," मी म्हटलं.

सूज आठवड्याभरात उतरली. माझ्या घरीही पुढच्या वर्षासाठी म्हणून जपून ठेवलेलं कितीतरी आहे. वाटेत अडलेल्या अनोळखी बाईसाठी त्यातलं काही मी इतक्या सहज मोडलं असतं का? छातीवर हात ठेवून 'हो' म्हणता येत नाही.