टोपीवरचे थेंब

चाळीसगावला मुलगी पाहायला निघालो आणि धुळ्याबाहेर एसटी बंद पडली. एका गॅरेजवाल्या आबांनी टेम्पोतून सोडायचं कबूल केलं, पण आधी इंधन! दुधातून मलई काढायच्या यंत्रात ते जुनं, काळं इंजिन ऑइल गरगर फिरवत. मळ भांड्याच्या कडेला चिकटे. साफ तेल डिझेलमध्ये जाई. तपासायला थेंब स्वतःच्या पांढऱ्या टोपीवर टाकत. टोपीवर जागा उरली नव्हती, म्हणून माझा कोरा रुमाल घेतला. डाग पसरला, मध्ये काळा ठिपका राहिला नाही; म्हणजे तेल साफ.

"भाऊ, डाग ते पडीच. मझार कचरा नको, बस!" आबा म्हणाले. मझार म्हणजे आत.

मुलीकडे घाम पुसायला तोच रुमाल निघाला. "डाग कसला?" तिनं विचारलं. मी आबांचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. ती खळखळून हसली.

तो रुमाल ती अजून धुऊ देत नाही.