कोणता परवा?

गंगाधरराव गेल्याचं मला व्हॉट्सॲपवर कळलं. जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर त्यांचा फोटो, आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. मीही हात जोडले आणि मोबाईल उलटा ठेवला. त्याला दीड महिना झाला... अजून धड झोप नाही.

लातूरला तेव्हा क्लासेसचा नुसता सुकाळ होता. आमच्या क्लासमध्ये सराव परीक्षा संगणकावर आल्या आणि त्यांच्यासाठी पाच सर्व्हर आले. ते सांभाळायला चाकूरचे गंगाधरराव, आणि नांदेडहून पदवी घेऊन आलेला अतिशहाणा मी. त्यांचं शिक्षण बेताचं, पण मशीनवर जीव. नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची ती आधी एकाच सर्व्हरवर, दोन दिवस बघायचं, मग बाकीचे. "भात शिजला का बघायला सगळं पातेलं चिवडतेत का? एक शीत दाबतेत," म्हणायचे. मला ते गावठी वाटायचं.

ते पुतणीच्या लग्नाला हदगावला गेले तेव्हा मी पाचही मशीन एका दुपारी उरकायचं ठरवलं. क्लासचे मालक असलेल्या सरांसमोर मिरवायचं होतं, दुसरं काय! त्यासाठी डिस्क पुसावी लागणार होती, म्हणून फोन लावला. "गंगाधरराव, बॅकअप?" मागं बँड वाजत होता. "परवा!" ते ओरडले आणि फोन कटला. मी समजलो, परवा घेतलाय. ते सांगत होते, परवा आल्यावर घेतो. आपल्या भाषेत गेलेला परवा आणि येणारा परवा एकच. 'कोणता परवा?' एवढं विचारायला पुन्हा फोन लावायला हवा होता. मी लावला नाही.

मुलांचे सहा महिन्यांचे निकाल गेले. पालक दारात उभे राहिले. सरांनी आम्हा दोघांना बोलावलं, आणि माझी पाचावर धारण बसली. "बॅकअप घेतला का विचारलं होतं सर, हे 'हाव, घेतलाय' म्हणाले," मी ठोकून दिलं. गंगाधररावांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणलो असंन," ते हळूच म्हणाले. "बँड लई वाजून राहिला होता." त्यांची नोकरी गेली, माझी राहिली.

ते वारल्यावर चाकूरला त्यांच्या घरी भेटायला गेलो. वहिनींनी पाणी दिलं आणि थेट विचारलं, "भाऊ, शेवटपर्यंत म्हणायचे, माझ्याच तोंडून 'हाव' गेलं असंन, पोरांचं वाटोळं झालं. खरंच म्हणले होते का?"

"नाही वहिनी. परवा म्हणाले होते. 'हाव' माझं."

"मग मला काय सांगून राहिलात?" त्या म्हणाल्या. "त्यान्ला सांगायचं होतं."

आमच्या सर्व्हर रूमच्या दाराशी आजही सगळे चपला काढतात. मशीनला धूळ चालत नाही, हा गंगाधररावांचा दंडक. परवाच नव्याने लागलेल्या मुलीनं विचारलं, हा नियम कुणाचा? मी नाव सांगितलं.

"ते सोडून का गेले, सर?"

"सोडून नाही गेले," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."