ताईंचं खाली जाणं

समुद्रात डुबकी मारायला नेणारी बोट ताईंच्या धाकट्या भावाची. तिच्यावर पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांची सगळी उस्तवार ताईंकडे. पाण्याखाली फोटो काढायचे तर कॅमेरा जाड पेटीत बंद करावा लागतो. पेटीच्या झाकणात रबराची बारीक कडी असते. तिच्यावर एखादा केस जरी राहिला तरी पाणी आत शिरतं आणि कॅमेऱ्याचं वाटोळं होतं. ताई ती कडी डोळे मिटून बोटांनी चाचपत, नखभर ग्रीस लावत, मग रिकामी पेटी गोड्या पाण्याच्या टबात दाबून धरत. आत थेंबही दिसला नाही, तरच कॅमेरा बसवत.

पूर्वी त्या स्वतःच खाली जात. एकदा सर्दी अंगावर काढून उतरल्या आणि उजवा कान कायमचा दुखावला. "पोहा हवं तेवढं," डॉक्टर म्हणाले, "पण खोल जाणं आता विसरा." ताईंनी आपला कॅमेरा भाचीला देऊन टाकला. पाण्यात पायही घालायचा नाही, असं ठरवून टाकलं.

एका सफरीत एक शाळेच्या बाई आल्या. पहिलाच कॅमेरा, त्यामुळे जीव मुठीत. ताईंनी पेटी नीट लावून दिली.

"तुम्ही नाही येत?" बाईंनी विचारलं.

"मी आले तर तुमचे टॉवेल कोण सांभाळणार?"

"टॉवेल कसले," भाऊ मध्येच म्हणाला, "शेवटचा माणूस वर येईपर्यंत ही कठड्याला चिकटलेली असते."

ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने इंजिनाकडे वळला.

बाई वर आल्या त्या ओशाळून. "मासे काही जमले नाहीत. म्हटलं, शिडीपासून तळापर्यंतच्या वाटेचा व्हिडिओच घ्यावा. तुम्हाला दाखवायला."

ताईंनी पेटी धुतली, पुसली, हात कोरडे केले आणि छोट्या पडद्यासमोर बसल्या. निळं पाणी गडद होत गेलं. बाईंच्या श्वासाचा घरघर आवाज येत होता. बघता बघता ताईंचा हात नाकाकडे गेला. नाकपुड्या दाबून त्यांनी हलकेच जोर दिला, उतरताना कान मोकळे करायला देतात तसा. भावाने ते पाहिलं आणि मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी त्याने मास्क पुढे केला. "नुसतं वर तरंगायला कुणी बंदी केलीय?"

"उपाशीपोटी मिठाईच्या दुकानाच्या काचेला नाक लावण्यातली गत ती."

"मग लाव नाक."

ताई बराच वेळ मास्क हातात घेऊन बसल्या. मग शिडी उतरल्या आणि तोंड पाण्यात घालून तरंगू लागल्या. खाली माणसं मुंगीएवढी दिसत होती. त्यांच्या श्वासाचे बुडबुडे वर येऊन ताईंच्या तळहातांवर फुटत होते.

"भूक भागली?" शिडीपाशी भावाने विचारलं.

"वाढली," ताई म्हणाल्या आणि केस पिळत कॅमेऱ्यांच्या टेबलाकडे गेल्या.

आता प्रत्येक सफरीत त्या पाण्यात उतरतात. सगळे वर आले, तरी त्यांना बोटीवर बोलवायला भावाला दोन-तीनदा हाका माराव्या लागतात.