हौसेच्या तलवारी

चौकीच्या ओट्यावर माझ्या बापाला उकिडवं बसवलं होतं. दोन्ही हातांत दोन आखूड तलवारी दिल्या होत्या. मुठी अजून बसवलेल्या नव्हत्या, नुसतं लोखंड. हवालदार म्हणाला, "अशाच वर धर. खाली आणायच्या नाहीत."

पालघरच्या बाजाराचा दिवस. सुक्या बोंबलाच्या पाट्या घेतलेल्या मांगेलणी, मोळ्या घेतलेले वारली, शाळेतली पोरं, सगळे त्या ओट्यासमोरूनच जात होते. थांबत होते. कुणी म्हणालं, दरोडेखोर धरलाय. एका बाईनं आपलं पोर मागं ओढलं. बाचे हात खाली यायला लागले. जन्मभर ऐरणीवर हात चालवलेला माणूस. पण हात नुसते वर धरून ठेवायचं काम त्यानं कधी केलं नव्हतं. हात खाली आले की हवालदार काठीनं कोपर वर करायचा. मारायचा नाही. नुसता वर करायचा.

मी पायरीखाली बसले होते. बघत होते. दुसरं काही करता येत नव्हतं.

आम्ही घिसाडी. लोखंड तापवायचं, ठोकायचं, विकायचं आणि पुढच्या गावाला जायचं. कुणी काम घाईनं, वाईट केलं की शिकलेली माणसं म्हणतात, घिसाडघाई केली. आमच्या जातीचं नाव असं भाषेत अडकून पडलंय. आम्ही केलेली कुऱ्हाड बापाकडून पोराकडे जाते, ते मात्र कुठल्या शब्दात नाही.

तारापूरला विजेचं मोठं काम निघालं आणि बानं गाढवं विकून टाकली. बोईसर स्टेशनापासून जरा लांब, रस्त्याच्या कडेला पाल ठोकलं. कामावरच्या मजुरांच्या पहारी, टिकाव, छिन्न्या शेवटायला, म्हणजे बोथट टोकं तापवून ठोकून घ्यायला, यायच्या. वारली कोयते घेऊन यायचे. आई मागेच गेली होती. मला नवऱ्यानं टाकलेलं, म्हणून मी बापाकडे. बा सांडशीनं लोखंड धरायचा, मी घण मारायची. आमच्यात बायकाच घण मारतात. पण सांडशी बाईनं धरायची नाही. धरणारा तो लोहार. मारणारी ती नुसती मारणारी.

एक दिवस साहेब आले. मुंबईतले मोठे वकील. केळव्याला त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती, शनिवारी-रविवारी यायचे. माळ्याचा कोयता धार लावायला घेऊन आले आणि तिथंच दगडावर बसून राहिले. बाचा हात बघत बसले. जाताना म्हणाले, "मला शिकायचंय. सुऱ्या करायला, आखूड तलवारी करायला."

बा म्हणाला, "कशाला, साहेब? तुमास्नी काय कमी हाय?"

"हौस म्हणून," साहेब म्हणाले. "छंद असतो माणसाला."

बा नंतर कितीतरी दिवस हसत होता. लोखंड ठोकायची हौस. आमच्याकडे ज्याला दुसरं काही नाही तो लोखंड ठोकतो.

साहेबांनी वाडीत भट्टी बांधून घेतली. नवी ऐरण आणली, मुंबईहून. शनिवार आला की आम्ही दोघं केळव्याला जायचो. माळी भाता ओढायचा. बा साहेबांच्या मागं उभा राहून त्यांच्या हातावर हात ठेवायचा आणि सांडशी कशी धरायची ते दाखवायचा. लोखंड पिवळं झालं की घाव. लाल उतरलं की हात आवर. काळ्यावर मारलंस तर आतून चीर जाते. पाणी देताना तापलेलं पातं सरळ पाण्यात खाली ने, वाकडं नेलं तर वाकडं होतं. सगळं सांगायचा. काही मागं ठेवलं नाही. मी समोर घण घेऊन उभी. बानं मला यातलं अक्षर कधी सांगितलं नव्हतं. साहेबांना सांगायचा आणि मी ऐकायची.

चहा आम्हाला करवंटीत यायचा. साहेबांना कपात. ते आम्हाला खटकत नव्हतं. तोवर असंच चालत आलेलं.

एका रविवारी वाडीत पाहुणे आले. साहेबांनी पहिली तलवार दाखवली. हातभर लांब, रुंद पात्याची. परदेशी पुस्तकातल्या चित्रावरून केलेली. सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. साहेब म्हणाले, "मी केली." खोटं नव्हतं तसं. सांडशी त्यांनीच धरली होती. मग एक पाहुणी माझ्याजवळ आली. माझा दंड दोन बोटांनी दाबून बघितला, बाजारात बैलाची मान बघतात तसा. "काय दंड आहेत हिचे," म्हणाली. "ही कोण?"

साहेब हसून म्हणाले, "हा आमचा घण."

सगळे हसले. बाही हसला. साहेब हसले की हसायचं, एवढं त्याला ठाऊक होतं. मी खाली बघत उभी राहिले. त्या बाईची बोटं माझ्या दंडावर होती. गार होती.

पण खरं सांगायचं तर त्या भट्टीपाशी मलाही नाद लागला. साहेबांच्या हातून एक पातं तुटलं होतं, त्याचा तुकडा मी पदरात बांधून आणला. दुपारी बा झोपला की आमच्या पालाशी बसून मी तो तापवायची. डाव्या हातात सांडशी, उजव्यात हातोडा. कुणी येतंय का बघत बघत. वीतभर पातं काढलं. कानशीनं घासलं. चिंचेच्या लाकडाची मूठ केली, माझ्या मुठीत बसेल अशी. ती सुरी कशासाठीही नव्हती. विकायची नव्हती, मासळी कापायची नव्हती. नुसती हातात धरून बसले की बरं वाटायचं. एवढं मोठं लोखंड ठोकत आले जन्मापासून, त्यातलं हे एक माझं.

बाला ती सापडली. मला वाटलं, आता मारील. त्यानं ती फिरवून बघितली. अंगठा धारेवरून नेला. "पाणी जास्ती दिलंस," म्हणाला, आणि परत दिली. एवढंच. त्या दिवशी मी जेवले नाही, आनंदानं.

पुढं दिवाळी जवळ आली. साहेबांना दिवाणखान्याच्या भिंतीवर तलवारींची जोडी लावायची होती. पाती झाली होती, घासायची राहिली होती. साहेबांनी ती बाकडे दिली. म्हणाले, बोईसरला ने, घासून, मुठी बसवून आण. बा कचरला. लांब पातं घेऊन आम्ही फिरायचं म्हणजे. पासष्टची लढाई होऊन गेलेली, किनाऱ्याच्या बाजूला पोलीस जास्तच फिरत होते. साहेब म्हणाले, "घाबरतोस कशाला? कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

त्याच आठवड्यात बोईसरला एका दुकानात चोरी झाली. चोरी कुठंही होवो, झडती पालाची. पोलीस आले, गोधड्या उपसल्या, पीठ सांडलं. चोरीचं काही मिळालं नाही. गोणपाटात गुंडाळलेली दोन पाती मिळाली. माझ्या उशाखालची सुरी मिळाली. बा म्हणत राहिला, "केळव्याच्या वाडीवाल्या साहेबांच्या हायत." आम्हाला दोघांना पालघरच्या चौकीवर आणलं. ऐरण, घण, भाता, सगळं जप्त. केळव्याला निरोप गेला.

म्हणून त्या दिवशी बा ओट्यावर हात वर करून बसला होता. साहेब येईपर्यंत.

साहेबांची मोटार आली तेव्हा बाचा चेहरा उजळला. मला अजून दिसतो तो चेहरा. हात खाली आणायची परवानगी मिळाल्यासारखा. फौजदारानं उठून साहेबांना खुर्ची दिली. चहा मागवला. आम्हाला आत बोलावून भिंतीशी उभं केलं. फौजदारानं विचारलं, "हा म्हणतो तलवारी तुमच्या आहेत."

साहेबांनी बाकडे बघितलं. मग कपाकडे. म्हणाले, "हा माणूस माझ्या वाडीतले कोयते शेवटायला येतो. तलवारींचं मला काही माहीत नाही."

बाला वाटलं, साहेबांना ऐकू गेलं नाही नीट. तो म्हणाला, "साहेब, भिंतीवरच्या. दिवाळीच्या. सांगा ना."

साहेबांनी घड्याळ बघितलं.

वकील माणूस. तलवारीला परवाना लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. आधीपासून ठाऊक होतं.

मग फौजदारानं टेबलावरची माझी सुरी उचलली. "आणि ही कुणाची?"

मी म्हणाले, "माझी."

"कुणाला मारायला केलीस?"

"कुणाला नाय."

"मग कशाला केलीस?"

मला दुसरा शब्द येत नव्हता. साहेबांकडूनच ऐकलेला तो. मी म्हणाले, "हौस म्हणून."

आधी हवालदार हसला. मग फौजदार. मग दारात उभे होते ते सगळे. फौजदार हसता हसता म्हणाला, "घिसाडणीला हौस." आणि साहेब. तेसुद्धा हसले. मोठ्यानं नाही. ओठ कपाला लावून, डोळ्यांनी.

तिथं मला कळलं. राग नंतर आला, आधी कळलं. त्यांनी तलवार केली तर छंद. आम्ही सुरी केली तर कुणाला मारायला. आमच्या हातांनी पोट भरायचं, नाहीतर गुन्हा करायचा. तिसरं काही या हातांना मना आहे. बरं वाटण्यासाठी काही करायला माणूस असावं लागतं, आणि आम्ही कोयते होतो, घण होतो. पण कळून काय करणार. माझे पाय भिंतीशी चिकटले होते. साहेब उठून गेले तेव्हा बानं सवयीनं हात जोडले.

मला सोडलं. बाला ठेवून घेतलं. मी चौकीसमोरच्या झाडाखाली बसून राहायची, आतून कुणी ओरडलं की कान द्यायची. बा सुटून आला तेव्हा त्याला हजेरी लावली होती. दर आठवड्याला चौकीवर जायचं, अंगठा द्यायचा. ऐरण फार उशिरा परत मिळाली. माझी सुरी मिळाली नाही. मी मागितलीही नाही. मागून परत हसू ऐकायचं नव्हतं.

बा बदलला. कोयताही आखूड करायला लागला. वारली म्हणायचे, "बाबा, याच्यानं फांदी तुटत नाय." बा मान हलवायचा आणि पुढचा अजून आखूड करायचा. मोटारीचा आवाज आला की ऐरणीवरून उठून उभा राहायचा.

पावसाळा होऊन गेल्यावर ती मोटार आली. साहेब उतरले, जसं मधे काही घडलंच नाही. हातात ट्रकच्या कमानीची चांगली पट्टी. म्हणाले, "झालं गेलं विसरून जा. आता काळजी नाही, मी परवाना काढलाय. माझ्या भट्टीचं छप्पर गळतंय, आज इथंच करू."

मला वाटलं, बा आता तरी काही बोलेल. बा भात्याशी जाऊन बसला. ओढायला लागला. त्याचे डोळे जमिनीवर. मी त्याला दोष देत नाही. त्याची पाठ मोडलेली होती आणि हात तेवढे चालू होते.

पट्टी तापली. पिवळी झाली. साहेबांनी सांडशीनं धरून ऐरणीवर ठेवली. छान धरली. बाचीच पकड. म्हणाले, "मार."

मी घण उचलला नाही.

"मार, थंड होतंय."

मी घणाच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभी राहिले. पिवळं लाल झालं. लाल काळं झालं. बा हळूच म्हणाला, "मार गं पोरी." त्याच्या आवाजात चौकी होती. साहेबांनी पट्टी पुन्हा तापवली. पुन्हा ठेवली. पुन्हा ती माझ्यासमोर काळी पडली. रस्त्यावरचे मजूर थांबून बघत होते.

मी म्हणाले, "साहेब, तुमची हौस हाय. तुमीच मारा."

त्यांनी सांडशी खाली टाकली. रागावले नाहीत. मोटारीत बसताना म्हणाले, "ही जागा सरकारी आहे, ठाऊक आहे ना?"

थोड्याच दिवसांत सरकारी माणसांनी पाल उठवलं. बांबू मोडले, पाल गटारात. बा रडला. मला म्हणाला, "काय मिळालं तुला?" काहीच मिळालं नव्हतं. जे होतं तेही गेलं होतं. ऐरण डोक्यावर घेऊन मी वाणगावपर्यंत चालत गेले, बा मागं, भाता पाठीवर. त्याची हजेरी चालूच राहिली. आता पालघरला जायला अजून लांब.

वाणगावला आमच्या जातीची चार पालं होती. तिथं भट्टी मांडली आणि मी बाला भात्यावर बसवलं. ऐरणीपुढं मी बसले. डाव्या हातात सांडशी घेतली. भरदिवसा, रस्त्याकडं तोंड करून. पहिला कोयता पुरा लांबीचा काढला, जसा फांदीला लागतो तसा.

पालातली म्हातारी माणसं आली. बाईनं सांडशी धरली, असं कधी झालं नाही, म्हणाली. पंचायत बसवू, जातीबाहेर टाकू. बा घाबरून माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं, ही आता उठेल.

मी लोखंड उलटं केलं. म्हणाले, "पंचायत बसवा, नायतर पोलिसाला बोलवा. आजपासून माझ्या लोखंडाला मीच धरणार. मी उठणार नाय."

आणि घाव घातला.