सुरकुत्या दाखवणारा फ्लॅश

मंडळी, मी सांगते आन् नात टाइप करती. उद्या वरवंडला लग्नाचे फोटो काढायचं तिचं पहिलंच काम, म्हणून आज दौंडला फ्लॅश घ्यायला गेलो.

आमच्या बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत. कॅमेऱ्यातल्या फ्लॅशनं साडी आन् तोंड एकच पांढरं होतं.

नातीनं मला समोर बसवून स्वस्तातले दोन फ्लॅश उडवले. पहिल्यात मी पिठाच्या डब्यात पडल्यागत. दुसऱ्याची मान वळत होती. तो छताकडं करून उडवला, उजेड छतावरनं परतून आला, तवा सुरकुती न् सुरकुती दिसली!

दुकानदार म्हणाला, “आजी, पहिल्यात तरण्या दिसता की!”

“व्हय, पण त्यात मी कुठं हाय?”

मान वळणाराच घेतला. उद्या पांढऱ्या मांडवावरनं उजेड नवरीवर उतरंल.

माझ्या लग्नाच्या फोटोत मी कुठली आन् भिंत कुठली, अजून कळत न्हाई. तुमच्या फोटोत तुम्ही ओळखू येता का?