दुसरी ओळ

नारळाच्या तेलात भिजलेली वात पेटली की तिचा वास आधी गोड असतो, मग किंचित करपट होतो. कँडीच्या डोंगरउतारावरच्या त्या विहारात पौर्णिमेच्या सकाळी अशा असंख्य वाती तेवत होत्या. पांढऱ्या चाफ्याचा दवभिजला गंध, धुतलेल्या पायऱ्यांचा गारवा आणि शुभ्र वस्त्रांतल्या माणसांची संथ हालचाल यांनी ते अंगण भरून गेलं होतं. माझे वडील, अण्णा, वाकून दिवा लावत होते. काडी ओढली गेली, गंधकाचा तीक्ष्ण वास क्षणभर दरवळला, आणि मी एकदम घरी पोचले. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात अण्णांचा जन्म गेला. लहानपणी त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं की हाच वास यायचा.

श्रीलंकेत आम्ही आलो ते माझ्या कामासाठी. कोलंबोत तरुण कार्यकर्त्यांची एक परिषद होती. उल्हासनगरच्या छापखान्यातून पत्रकं छापून आणणारी, बदलापुरात कात्रपच्या नाक्यावर ती वाटणारी आणि न घेणाऱ्याशी भांडणारी म्हणून मला बोलावणं आलं होतं. अण्णांना सोबत आणलं ते त्यांच्या हट्टापायी. परिषद झाल्यावर त्यांना एखाद्या ध्यानशिबिराला बसायचं होतं, आणि ते ठरवण्याची कामगिरी माझ्यावर होती. माझ्यावर! ध्यान ही पोट भरलेल्यांची चैन आहे, वस्तीला पाणी नसताना डोळे मिटून बसणं हा पळपुटेपणा आहे, असं मी ठळक अक्षरात छापलेलं. आणि त्या देशात पाऊल ठेवल्यापासून माझा संताप वाढतच होता. बुद्धाच्या भूमीत यादवी, चौकाचौकांत वाळूची पोती आणि बंदुका! बसमधून उतरवून माणसांची झडती घेतात आणि शेजारच्या स्तूपावर शांततेचे झेंडे फडफडतात, हे मला सोसत नव्हतं. अजूनही सोसत नाही.

पण शिबिराची गोष्ट वेगळी होती, कारण ती आईची होती.

बदलापूरच्या आमच्या शिरगावातल्या घरात संध्याकाळची वंदना म्हणजे दोघांचा खेळ असे. अण्णा बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढे बसून पहिली ओळ खणखणीत म्हणायचे, आणि फोडणी घालता घालता आई स्वयंपाकघरातून दुसरी ओळ म्हणायची. मधेच तिचा आवाज यायचा, "अहो, 'ण' म्हणा, 'न' नाही! लाउडस्पीकरवर पण असंच म्हणता, सगळा विहार हसतो." अण्णा ओरडायचे, "तू भाजी बघ!" मोहरीचा तडतडाट, उदबत्तीचा धूर आणि बारवी धरणाकडून येणारा वारा यांत ती पाली वचनं अशी मिसळून जायची की ती अडीच हजार वर्षांपूर्वीची आहेत हे मला शाळेत कळलं तेव्हा खोटंच वाटलं.

अण्णा भारी बोलके. झोपेतही बोलतात. आई म्हणायची, "रिटायर झालात की दोघं मिळून मौनाच्या शिबिराला बसू. एकदा तरी तुमचं तोंड बंद झालेलं बघायचंय मला." अण्णा निवृत्त झाले आणि त्याच हिवाळ्यात आई गेली. तेव्हापासून अण्णा दोन्ही ओळी स्वतःच म्हणतात, मधे श्वासाइतकीही जागा न सोडता. दिवसभर बोलतात; दूधवाल्याशी, रेडिओशी, कुंडीतल्या तुळशीशी. घरात शांतता शिरू नये म्हणून दाराला पाठ लावून उभा राहिलेला माणूस असतो ना, तसे.

म्हणून मला भीती होती. डोंगरावर एक केंद्र होतं, पूर्ण मौनाचं. अण्णांना तेच हवं होतं. त्या शांततेत हा माणूस कोसळला तर? परक्या देशात, जिथं त्याची भाषा कुणाला येत नाही? शहराजवळ दुसरं एक केंद्र होतं. तिथं प्रवचनं होती, चर्चा होत्या, संध्याकाळी गप्पा मारता यायच्या. मी अण्णांना न विचारता मनोमन तेच पक्कं केलं होतं. वंदना झाली की तिथं फोन करायचा, एवढंच उरलं होतं.

दिवा लावून अण्णा बोधिवृक्षाच्या पाराशी बसले आणि नेहमीच्या सवयीनं, आपल्या बदलापूरच्या चालीत, मोठ्यांदा त्रिसरणाची पहिली ओळ म्हणाले. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या ओळीसाठी ते घाईघाईनं तोंड उघडणार, एवढ्यात मागून ती ओळ आली.

एक म्हातारी बाई होती. पांढरी साडी, मांडीवर निळ्या कमळांची परडी. डोळे मिटलेलेच. तिची चाल निराळी, लांबवलेली, पाण्यावरून आल्यासारखी. पण शब्द तेच. अण्णांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी तिसरी ओळ म्हटली आणि थांबले. तिनं चौथी म्हटली. पानांची सळसळ त्या दोन आवाजांमधल्या फटींतून वाहत होती. किती दिवसांनी अण्णांच्या बोलण्यात फट पडली होती. शेवटी सवयीनं त्यांनी हात उंचावून "जय भीम!" म्हटलं. त्या बाईला ते कुठलं कळायला! तिनं हात जोडले आणि "साधु, साधु, साधु" म्हणाली.

पायऱ्या उतरताना अण्णांनी एकदा मागे वळून पाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "फोन केलास का गं?"

"करते ना. शहराजवळचं केंद्र बरंय अण्णा. तिथं बोलता येतं."

"बोलायला काय, मी शिरगावात बोलतोच की," ते म्हणाले. "डोंगरावरचं बघ. तुझ्या आईनं बुकिंग केलंय तिथं."

दुसऱ्या दिवशी फाटकाशी त्यांनी मोबाइल आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. "ध्यानाविरुद्ध पत्रक काढशील तेव्हा माझं नाव घालू नकोस," असं म्हणून हसले आणि चाफ्याच्या रांगेतून आत गेले. मी फाटकाबाहेर उभी राहिले. भांडायला समोर कुणीच नव्हतं.

शिबिर संपल्यावर त्यांना आणायला गेले तेव्हा दाढी पांढरी वाढलेली, चेहरा धुतल्यासारखा. मी त्यांच्या बोलण्याच्या पुराची वाट पाहत राहिले. बस वळणं घेत चहाच्या मळ्यांतून उतरत होती, धुकं खिडकीला लागत होतं, आणि अण्णा गप्प. खूप खाली आल्यावर, बाहेरच बघत, ते हलकेच म्हणाले,

"तुझी आई तिथं पण चुका काढत होती गं माझ्या."

आणि इतके हसले की पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.

आता शिरगावात संध्याकाळी ते पहिली ओळ म्हणतात आणि थांबतात. घरात शेजारच्या कुकरची शिट्टी ऐकू येते, बारवीकडचा वारा पडदा हलवतो. मग ते पुढची ओळ म्हणतात, घाई न करता. मी आतल्या टेबलाशी पत्रकाचा मसुदा लिहीत असते. पाण्याबद्दलचा माझा राग तसाच आहे, तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही. दुसरी ओळ मी अजून म्हटलेली नाही. पण त्या वेळेला हातातलं पेन हल्ली मी खाली ठेवते.