माझ्या हातचा खोटा तरोटा

माझी आई आषाढात कोवळा तरोटा, म्हणजे टाकळ्याची रानभाजी, खुडते आणि मिहानकडच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटाबाहेर बसून विकते. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आईनं हे काम सोडावं असं मला कधीच वाटलं नाही. लोकांना मात्र फार वाटतं. वाटू दे.

मागच्या पावसाळ्यात तिला ताप आला. मी म्हटलं, उद्याचा तरोटा मी आणते. पहाटे रस्त्याच्या कडेनं भराभर खुडला, घरी येऊन रबर लावून जुड्या बांधल्या. आई एरवी गवताच्या काडीनं बांधते. दुपारी ताप उतरला तशी ती टोपली घेऊन गेली. पोरगी एवढी शिकलेली, म्हणून तिनं जुड्या सोडूनसुद्धा पाहिल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी गेटावर कल्ला. एका बाईंच्या घरी ती भाजी खाऊन सगळ्यांचा घसा खवखवला होता. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आईला उद्यापासून इथं दिसायचं नाही असं बजावलं. आईनं मला फोन केला. मी तास सोडून, तणतणत गेले. म्हटलं, माझ्या आईचा हात चुकणं शक्यच नाही. तुम्हाला रानभाजी शिजवता येत नाही, आणा ती भाजी.

बाईंनी उरलेली जुडी आणली. रबर लावलेली.

मी एक डहाळी उजेडात धरली. देठावर तांबूस लव. पानांच्या जोड्यांमध्ये काडीएवढी बारीक गाठ असते. तरोट्यात ती खालच्या जोड्यांपाशीच असते, इथं प्रत्येक जोडीत होती. म्हणजे तरोट्याचा तो परदेशी भाऊबंद. समुद्रापलीकडून आला, रस्त्याच्या कडा बळकावून बसला, पावसाळ्यात उगवतो नि पाऊस सरला की वाळून जातो. शेंगा धरल्या की कोणीही ओळखेल, कोवळेपणी फसगत होते. हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. शरमेनं माझे कान तापले.

तिथं ते ओळखणारं आईशिवाय कोणी नव्हतं, आणि तिनं ती जुडी अजून सोडून पाहिली नव्हती. गप्प राहिले असते तर खपलं असतं. पण मग आईचं नाव कायमचं गेलं असतं. मी सांगितलं, हा तरोटा नाही, आणि हा मी खुडला, आईनं नाही.

सेक्रेटरी म्हणाले, मग झालंच की, तुम्हीच कबूल केलं. आता टोपली उचला.

आईनं जुडी हातात घेतली, एक पान चुरगाळलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मला तिथंच मेल्यासारखं झालं. मग ती बाईंना म्हणाली, "शिजवलेली उरली असन तर आणा."

बाई चकित झाल्या, पण डबा घेऊन आल्या. आई टोपलीशेजारी मांडी घालून बसली.

"मी विकली ना? मंग मी खातो. आमच्यात खराब माल देल्ला तर तो परत आणून घरीच खा लागते," ती म्हणाली. "अन् हा रस्ता सरकारी हाय. गेटाच्या आत म्या कधी पाय ठेवला नाही. मले उठवाचं असन तर तसा कागद आणा."

आणि खायला लागली. सावकाश, घास घास करून, सगळ्यांच्या देखत. मी तिच्या शेजारी बसले आणि डबा ओढला. तिनं माझा हात झटकला नाही. अर्धी भाजी माझ्याकडे सरकवली. मेली ती भाजी घशाला अशी लागली की डोळ्यांत पाणी आलं. तरी संपवली. बाई म्हणाल्या, पुरे हो, खाऊ नका. आई काही थांबली नाही.

सेक्रेटरी कागद आणायला गेले ते अजून आलेले नाहीत.

दुसऱ्या सकाळी टोपली त्याच जागी होती. प्रत्येक जुडी मी आईसमोर सोडून, एकेक पान दाखवून पुन्हा बांधली होती. आईचा घसा पार बसला होता. त्याच फाटक्या आवाजात ती गेटाकडे तोंड करून ओरडली, "तरोटा घ्या, तरोटा!"